आंतरदेशीय दत्तक सेवा : कागदपत्रांना चांगले गुण, मुलाच्या तयारीला कमी

माझा धाकटा भाऊ आणि भावजय हे दोघेही अमेरिकेचे नागरिक आहेत, दोघांकडे ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते) आहे, आणि त्यांनी कर्नाटकातील एका मान्यताप्राप्त संस्थेतून सहा वर्षांची मुलगी रीतसर दत्तक घेतली. भारतातील बरीचशी धावपळ आमच्या बेळगावातील टिळकवाडीच्या घरातून झाली, आणि परदेशी जाण्यापूर्वी मुलगी आपल्या आईबरोबर याच घरात राहिली. मी तिची आत्या. ज्या सेवेचे हे परीक्षण आहे, ती कोणा एका कार्यालयाची सेवा नाही. परदेशातील अधिकृत दत्तक एजन्सी, दिल्लीचे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण म्हणजे कारा, त्याचे केअरिंग्ज हे पोर्टल, मूल सांभाळणारी संस्था, जिल्हाधिकारी, पासपोर्ट आणि शेवटी दूतावास अशी ती लांब साखळी आहे. माझे मत आधीच सांगते : कायदा आणि कागद या बाजूने ही सेवा विश्वास ठेवण्याजोगी आहे, परंतु मुलाला नव्या घरासाठी तयार करण्याचे जे काम नियमांनी संस्थांवर सोपवले आहे ते उरकल्यासारखे होते, आणि ती उणीव कुटुंबाला स्वतःच भरून काढावी लागते.

ही सेवा कोणासाठी आहे, हे आधी समजून घेतले तर पुढचा बराच मनस्ताप टळतो. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ५९ प्रमाणे, मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित झाल्यापासून साठ दिवसांत त्याला भारतीय किंवा अनिवासी भारतीय पालक मिळाले नाहीत, तर ते आंतरदेशीय दत्तकासाठी मोकळे होते. अनिवासी भारतीय, म्हणजे भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणारे, हे येथील पालकांच्याच रांगेत उभे असतात. ओसीआय कार्डधारकांना आंतरदेशीय रांगेत प्राधान्य आहे, पण ती रांग नंतरची आहे. अपंगत्व असलेली मुले, भावंडे आणि पाच वर्षांवरील मुले यांना आंतरदेशीय दत्तकासाठी प्राधान्य देता येते, अशी तरतूद त्याच कलमात आहे. ज्यांना तान्हे बाळच हवे आहे अशा परदेशस्थ नातेवाइकांना म्हणून मी ही सेवा सुचवणार नाही. ज्यांची मोठ्या मुलाला किंवा दोन भावंडांना घरात घेण्याची मनापासून तयारी आहे, त्यांनी मात्र जरूर पुढे जावे. वयाची अटही पाहून ठेवावी. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी पती-पत्नींच्या वयांची बेरीज शंभराच्या वर चालत नाही आणि मूल व पालक यांच्या वयात किमान पंचवीस वर्षांचे अंतर लागते.

आमच्याकडे ही बातमी कळल्यावर पहिला प्रश्न आला तो नात्यातूनच : बाहेरचे मूल कशाला, खानापूरच्या चुलत घरात दोन मुले आहेत, त्यातले एक दत्तकपत्र करून घेऊन जा. ही समजूत आपल्या सीमाभागात, आणि एकूण मराठी घरांत, फार खोलवर रुजलेली आहे. दत्तकाचा आणि सरकारी मान्यतेचा झगडा या जिल्ह्याला नवा नाही. १८२४ मध्ये कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने अमान्य केला आणि त्यातून पुढे काय घडले, ते येथील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. आजचा कायदा दत्तकाला नकार देत नाही, मात्र पायऱ्यांचा क्रम बदलू देत नाही. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम १९५६ खालचे दत्तकविधान आपल्याकडे वैध असते, त्यासाठी दत्तहोमही सक्तीचा नाही. पण त्या दत्तकपत्राच्या बळावर मूल परदेशी नेता येईल असे धरून चालणे धोक्याचे आहे. बाल न्याय अधिनियमाप्रमाणे आंतरदेशीय दत्तक त्या कायद्यातील पद्धतीनेच व्हावे लागते. नात्यातील मुलासाठीही कलम ६० मध्ये वेगळी वाट आखून दिलेली आहे, आणि १९५६ च्या कायद्याने आधीच दत्तक झालेल्या कुटुंबांना परदेशी जायचे असल्यास २०२१ च्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पडताळणीची सोय केली. अमेरिकेची बाजू त्याहून कडक आहे. आंतरदेशीय दत्तकाबाबतच्या हेग येथील आंतरराष्ट्रीय कराराखालील दत्तकात आधी पालकांची पात्रता, मग त्या विशिष्ट मुलाबाबत तात्पुरती मंजुरी, आणि त्यानंतरच दत्तक आदेश, असा क्रम आहे. आधी दत्तक उरकून नंतर अर्ज केला, तर तो अर्ज टिकत नाही. भावाच्या एजन्सीने हे पहिल्याच बैठकीत लेखी दिले होते, आणि त्या एका कागदामुळे आम्हाला चुलत्यांची समजूत काढणे सोपे गेले.

इतका कडकपणा का, असा प्रश्न पडणाऱ्यांनी १९८४ सालचा लक्ष्मीकांत पांडे खटला आठवावा. मुलांना परदेशी दत्तक देण्याच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांबद्दल एका वकिलाने लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने ही प्रक्रिया पहिल्यांदा शिस्तीत बसवली. पुढे १९९३ चा हेग करार भारताने २००३ मध्ये स्वीकारला, आणि २०२२ च्या दत्तक विनियमांपर्यंतची सगळी बांधणी त्याच पायावर झालेली आहे.

पोर्टलबद्दल मला तक्रारीला फारशी जागा दिसत नाही. परदेशातील कुटुंबाची नोंदणी त्यांची एजन्सी करते, गृहभेटीचा अहवाल तीच चढवते, आणि मग मुलाची माहिती दोन कागदांच्या रूपाने समोर येते : एक बाल अध्ययन अहवाल आणि दुसरा वैद्यकीय तपासणी अहवाल. मूल राखून ठेवण्याची मुदत तासांत मोजलेली असते आणि स्वीकृतीची दिवसांत. ही मुदत थोडी आहे असे अनेक पालक म्हणतात. माझे मत उलट आहे. मुलाचा कागद महिनोन्महिने कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून राहण्यापेक्षा पालकांची धांदल उडालेली बरी.

वैद्यकीय अहवाल मात्र जपून वाचावा. आमच्या हाती आलेल्या अहवालात उंची, वजन, रक्तगट, एचआयव्ही, कावीळ ब यांच्या तपासण्या नीट होत्या, पण डोळे, कान, दात, बोलणे या सगळ्या रकान्यांत एकाच हस्ताक्षरात एकच शब्द लिहिलेला होता : सामान्य. स्वीकृतीपूर्वी आपल्या पसंतीच्या डॉक्टरकडून हा अहवाल तपासून घेण्याची मुभा नियमांनीच दिली आहे, तेव्हा ती जरूर वापरावी. आम्ही बेळगावातील आमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना तो दाखवला. त्यांनी आजाराबद्दल एक शब्दही न काढता गेल्या दोन वर्षांतल्या वजनाच्या नोंदी मागवायला सांगितल्या. एका दिवसाच्या वजनावरून काही कळत नाही, मूल कोणत्या गतीने वाढत आले आहे त्यावरून कळते, असे त्यांचे म्हणणे होते. एजन्सीमार्फत मागणी केली तेव्हा संस्थेच्या रजिस्टरमधील त्या नोंदी मिळाल्या. त्या नियमाने अहवालाबरोबर आपोआप येत नाहीत, आणि न मागणाऱ्यांना त्या कधीच दिसत नसणार.

पैशांबद्दल थोडक्यात. आंतरदेशीय दत्तकासाठी संस्थेला बाल संगोपन निधी म्हणून पाच हजार अमेरिकी डॉलर द्यावे लागतात, आणि परदेशातील एजन्सीची फी त्याशिवाय असते. याव्यतिरिक्त देणगी, इमारत निधी, मुलांना मिठाई अशा कोणत्याही नावाने काही देणे नियमात बसत नाही. आमच्याकडे कोणी असे काही मागितले नाही, हे मुद्दाम नोंदवते, कारण बाहेर बोलताना लोक नेमके याच्या उलटेच गृहीत धरतात. उलट कोणी मध्यस्थ बेळगावात बसून मूल मिळवून देतो म्हणत असेल तर त्याच्या दारात उभेही राहू नये. प्रक्रिया डावलून मूल देणे-घेणे हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

मुलीला अमेरिकेत प्रवेश मिळेल असे कळवणारे, तेथील दूतावासाचे हेग कराराच्या कलम ५ खालचे पत्र आले, काराची ना-हरकत मिळाली, आणि इथून पुढे प्रक्रिया दिल्लीच्या पोर्टलवरून खाली जिल्ह्यात उतरली. पूर्वी दत्तकाचा आदेश न्यायालय देत असे. १ सप्टेंबर २०२२ पासून तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला आहे, म्हणजे आपल्या बोलीत डीसी ऑफिसकडे. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की अर्ज मुलाची संस्था ज्या जिल्ह्यात असते तेथे जातो. कुटुंब बेळगावचे आहे म्हणून तो बेळगावात येत नाही. सुनावणी बंद दाराआड होते आणि प्रकरण दोन महिन्यांत निकाली काढावे असे कायदा सांगतो. ही मुदत तोंडपाठ असावी. आमची फाइल एका टेबलावर रेंगाळली होती, तेव्हा भावाने आवाज न चढवता, अर्ज दाखल झाल्याची तारीख आणि कायद्यातील मुदत या दोनच गोष्टी लिहिलेले एक साधे पत्र संस्थेमार्फत पाठवले, आणि फाइल हलली.

दुसरा अडथळा आला तो नावाच्या इंग्रजी स्पेलिंगचा, आणि सीमाभागातील कुटुंबांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन भाग लिहिण्याची सवय, तर संस्थेच्या कन्नड कागदांत नावापुढे आद्याक्षर टाकण्याची पद्धत. त्यात आडनावातील 'व' एका ठिकाणी व्हीने आणि दुसऱ्या ठिकाणी डब्ल्यूने लिहिला गेला. दत्तक आदेशानंतर त्याच नावाने जन्मदाखला निघतो, त्यावरून पासपोर्ट आणि पासपोर्टवरून व्हिसा. पहिल्या कागदातले एक अक्षर चुकले तर ते शेवटपर्यंत पाठलाग करते. आदेशाचा मसुदा होण्यापूर्वीच आईवडिलांच्या पासपोर्टप्रमाणे नाव कसे लिहायचे, याचा एक टंकलिखित कागद, दोघांच्या सह्यांनिशी, संस्थेला देऊन ठेवावा. आदेशानंतर जन्मदाखला पाच कामकाजाच्या दिवसांत आणि पासपोर्ट अर्ज मिळाल्यापासून दहा दिवसांत द्यावा असे विनियम म्हणतात. पासपोर्टचा अर्ज संस्था करते, त्यामुळे बेळगावच्या पोस्टातील केंद्रात खेपा घालण्याचे कारण पडत नाही.

काराची ना-हरकत मिळाल्यानंतर आणि दत्तक आदेश होण्यापूर्वीच्या काळात पालकांना मुलाला भारतातच स्वतःजवळ ठेवता येते. कार्यालयीन भाषेत याला दत्तकपूर्व फॉस्टर केअर म्हणतात. बरीच परदेशस्थ कुटुंबे ही सोय घेत नाहीत, आदेश झाल्यावर येतात, एखादा आठवडा हॉटेलात राहतात आणि मुलाला घेऊन विमानात बसतात. माझ्या मते या संपूर्ण सेवेतील सर्वांत मोलाची तरतूद हीच आहे. भावजयीने नोकरीतून रजा घेतली, काही काळ इथूनच संगणकावर काम केले, आणि मुलीला मधल्या काळासाठी एक घर मिळाले. ज्यांचे येथे आईवडील किंवा भावंडे आहेत, त्यांनी हॉटेलचा विचारही करू नये.

आता मूळ तक्रारीकडे येते. विनियमांप्रमाणे संस्थेने प्रत्येक मुलाचा एक स्मृतिसंग्रह तयार करायचा असतो : छायाचित्रे, आतापर्यंतच्या आयुष्यातील घडामोडी, आवडीनिवडी, आणि हे सगळे वैद्यकीय इतिहासासह कुटुंबाच्या हाती द्यायचे असते. आमच्या हाती जो अल्बम आला, त्यातली बहुतेक छायाचित्रे पाहुण्यांच्या भेटीच्या दिवसांची होती. केक, फुगे, शाल पांघरलेले देणगीदार, आणि मागच्या रांगेत कुठेतरी आमची मुलगी. जिने तिला रांगती असल्यापासून सांभाळले त्या आयाचे एकही छायाचित्र नव्हते. पहिला दात कधी पडला, कोणती मैत्रीण होती, कशाला घाबरते, याबद्दल एक ओळही नव्हती. नियमाने सांगितलेली वस्तू दिली, एवढेच त्या अल्बमबद्दल म्हणता येईल.

त्याच आयाने मात्र निरोपाच्या वेळी दारात उभ्याने, संचालिकांचे लक्ष दुसरीकडे असताना, भावजयीला कन्नडमध्ये भराभर जे सांगितले आणि मी मराठीत करून दिले, ते सगळ्या फाइलीपेक्षा उपयोगाचे ठरले. हिला झोपताना तोंडावर टॉवेल लागतो. केस विंचरताना उजवीकडून सुरू करा, डावा कान दुखून गेला आहे. ताप आला तरी सांगत नाही, गप्प बसली की कपाळ बघा. त्या कानाच्या दुखण्याचा उल्लेख वैद्यकीय अहवालात नव्हता, आणि तेथे 'सामान्य' असेच लिहिले होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. यापुढे कोणी कुटुंब या वाटेने जाणार असेल, तर त्यांनी संस्थेकडे आयाबरोबर शांतपणे बसून बोलण्यासाठी तासभर वेळ लेखी मागून घ्यावा, सोबत कन्नड उत्तम जाणणारी व्यक्ती न्यावी, आणि ती म्हणेल ते सगळे तेथेच लिहून घ्यावे.

पाच वर्षांवरील मुलाची संमती घेणे बंधनकारक आहे, आणि ती घेतल्याची नोंद आमच्या कागदांत आहे. परंतु आमच्याकडे आल्यावर बोलता बोलता कळले की मुलीच्या समजुतीप्रमाणे ती बेंगळुरूला जाणार होती. अमेरिका हे तिच्या लेखी बेंगळुरूच्या एखाद्या भागाचे नाव होते. सहा वर्षांच्या मुलाला दुसरा देश म्हणजे काय हे समजावणे अवघड आहे हे मला मान्य आहे. मी स्वतः प्राथमिक शाळेत नोकरी केली आहे. पण अवघड आहे म्हणून ते न करता संमतीच्या रकान्यात खूण करणे, हे काम झाले असे म्हणता येणार नाही. आम्ही तिला सांबऱ्याच्या विमानतळावर नेऊन विमान उतरताना दाखवले. शेजारच्या मुलाचा पृथ्वीचा गोल आणला, बेळगाववर शाईचा ठिपका दिला, आणि बोट सरकवत सरकवत दुसरीकडे नेले. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, की तिकडे शाळेत जेवण मिळते का. दुसरा, तिकडून परत येताना बस असते का. पहिल्याचे उत्तर भावजयीने दिले. दुसऱ्याचे उत्तर सगळ्यांनी मिळून, बऱ्याच वेळाने दिले.

भाषेची तयारी आम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीवर केली. एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखून नीरु, पाणी, वॉटर, मग ऊटा, जेवण, फूड, असे रोजच्या गरजेचे शब्द देवनागरीत लिहिले. हा कागद मुलीसाठी नव्हता, तो आईसाठी होता. भावजय कोल्हापूरची, तिला कन्नडचे एक अक्षर येत नव्हते, आणि भाऊ बेळगावात वाढूनही इतक्या वर्षांत सगळे विसरला होता. दत्तकपूर्व प्रशिक्षणात अमेरिकेच्या नियमांप्रमाणे पालकांना किमान दहा तास शिकावे लागते. त्या दहा तासांत मानसिक आघात, मूल व पालक यांचा जिव्हाळा, शिस्त यांवर पुष्कळ सांगितले गेले आणि ते उपयोगीही होते, पण पोट दुखते हे मूल आपल्या भाषेत कसे सांगेल, एवढे शिकवायला त्यात जागा नव्हती. 'होट्टे नोवु' हे दोन शब्द भावजयीने पहिल्याच दिवशी पाठ केले आणि त्याच रात्री ते लागले. येथे आमच्या गल्लीचा उपयोग झाला. समोरच्या घरातील आजी कन्नड, त्यांची सून मराठी, मुले दोन्ही बोलणारी, आणि मुलगी दिवसातला बराच वेळ त्या घरात काढू लागली. पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या घरात हे शक्य नव्हते. बेळगावात राहण्याचा हा फायदा कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेला नाही.

जेवणाची गोष्ट थोडी निराळी. संस्थेत तिला भात आणि सारू, सकाळी उप्पीट, अशी सवय. आमच्याकडे ज्वारीची भाकरी आणि आमटी. पहिले काही दिवस आम्ही तिच्याच पद्धतीने भात-सारू केले, भाकरीचा तुकडा फक्त ताटाच्या कडेला ठेवला आणि खाण्याचा आग्रह केला नाही. आग्रह करू नये, हे मी आमच्या आईला किती वेळा सांगितले ते विचारू नका, कारण आमच्या घरात आग्रह न करणे म्हणजे अपमान. जेवण झाल्यावर मुलगी आपले ताट स्वतः घासायची, उपडे करायची आणि ते हातात धरून उभी राहायची. कशासाठी उभी राहते ते आधी कळेना. मग समोरच्या आजींनी विचारून सांगितले की संस्थेत ताटे मोजून घेत असत, आणि आपले ताट मोजले गेल्याशिवाय बाजूला व्हायचे नसे. त्यानंतर भाऊ रोज ताट हातात घेऊन मोठ्याने 'एक' म्हणायचा, आणि ती खेळायला पळायची.

रात्री तिला वेगळ्या खोलीत झोपवण्याचा प्रयत्न करू नये, हे अनुभवाअंती सांगते. अमेरिकेतल्या एजन्सीच्या गृहभेट अहवालात मुलासाठी स्वतंत्र खोलीची व्यवस्था दाखवलेली असते आणि पालक त्या खोलीत पडदे, खेळणी, पलंग यांवर भरपूर खर्च करतात. बारा-पंधरा मुलांच्या मधोमध, दिवा लावून झोपलेल्या मुलाला ती खोली भीतीची वाटते. आम्ही हॉलमध्ये सगळ्यांच्या गाद्या शेजारी शेजारी घातल्या, दिवा चालू ठेवला, आणि तोंडावर तो टॉवेल.

नातेवाइकांबद्दल दोन गोष्टी. पहिली, मूल कोणत्या जातीचे आहे असा प्रश्न विचारणारे निघतात, आणि त्यांना उत्तर देण्याची गरज नाही. जन्मदात्यांची माहिती कायद्याने गोपनीय आहे, एवढे एक वाक्य पुरते, आणि ते खरेही आहे. दुसरी गोष्ट छायाचित्रांची. दत्तक आदेश होईपर्यंत मुलाची ओळख उघड करणे कायद्याला मान्य नाही, त्यामुळे हौसेने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकणाऱ्या भाच्यांना आम्ही आधीच बजावून ठेवले होते. बारशासारखा समारंभ व्हावा, कुंदा वाटावा, अशी आईची फार इच्छा होती. तो आदेश हातात आल्यावर, घरच्या घरी केला. नाव बदलले नाही. सहा वर्षे ज्या नावाला 'ओ' देते ते नाव बदलणे मला तरी कधी पटले नसते, आणि सुदैवाने भावजयीचेही तेच मत होते.

आदेशानंतरचा भाग जलद आणि नीट झाला. हेग कराराच्या कलम २३ प्रमाणे काराने अनुरूपता प्रमाणपत्र, म्हणजे दत्तक करारानुसार झाल्याचा दाखला, दिले, ज्यामुळे अमेरिकेत पुन्हा दत्तकाची कारवाई करावी लागत नाही. आदेशापासून दोन महिन्यांच्या आत पालकांनी मुलाला न्यावे असा नियम आहे. दत्तकाचे व्हिसा अमेरिकेचा मुंबईतील वाणिज्य दूतावास देत नाही, त्यासाठी दिल्लीलाच जावे लागते आणि ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे तपासणी, त्यात क्षयाची रक्तचाचणी, करून घ्यावी लागते. बेळगावहून दिल्लीला गोवा एक्सप्रेस थेट जाते आणि स्वस्तही पडते, पण मुलाला पुढे लांबचा विमानप्रवास करायचा आहे, तेव्हा दिल्लीला विमानानेच न्यावे. कानात दडे बसणे, पट्टा लावून बसणे, शौचालय शोधणे या गोष्टींची तालीम देशातल्या देशात होते आणि मोठ्या प्रवासात मूल बावरत नाही.

दत्तक भारतात पूर्ण होऊन आयएच-३ या दत्तक मुलांच्या व्हिसावर अमेरिकेत पाऊल ठेवल्यावर, २००० सालच्या बाल नागरिकत्व कायद्यामुळे मुलाला तेथील नागरिकत्व आपोआप मिळते आणि प्रमाणपत्र टपालाने घरी येते. त्यानंतर भारतीय पासपोर्ट परत करून मुलासाठी ओसीआयचा अर्ज करावा लागतो. हा अर्ज पालकांच्या डोक्यातून निघून जातो, आणि मग आजी-आजोबांना भेटायला यायच्या वेळी व्हिसासाठी पळापळ होते.

पाठपुरावा दोन वर्षे चालतो : पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी एजन्सीचा माणूस घरी येतो आणि अहवाल छायाचित्रांसह पोर्टलवर चढवतो. हे काम भावाच्या एजन्सीने आतापर्यंत वेळेवर केले आहे. आरोग्य, शाळा, घरच्यांशी जुळवून घेणे या गोष्टींची विचारपूस त्यात होते. मुलीची पहिली भाषा टिकते आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. समोरच्या आजी दर रविवारी फोनवर तिच्याशी कन्नडमध्ये बोलतात, आणि भावाने दुसऱ्या अहवालाच्या वेळी भाषेचा एक वेगळा परिच्छेद स्वतःहून लिहून दिला. एजन्सीने तो काही न विचारता जोडून घेतला आणि पुढच्या भेटीला येताना दुभाषा हवा का, असे कळवले.